थरथरता हात आणि आधाराचा पट्टा

हैदराबाद शहरात मुसा नदीच्या उत्तर काठी, अफझलगंज आणि उस्मानगंज यांच्या लगत, बेगम बाजार ही जुनी घाऊक पेठ आहे. दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या बेगमेने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि म्हणून पेठेला हे नाव पडले, असे सांगतात. तांब्यापितळेची भांडी, किराणा माल आणि सुकामेवा यांच्या व्यापारासाठी ही पेठ दूरदूरपर्यंत ठाऊक आहे. अशा पेठेत मानवी हाताच्या दोन गोष्टी ध्यानात येतात. एक तराजू आणि दुसरी चुंबळ.

विजेवर चालणारे काटे येण्यापूर्वी दुकानदार तराजू हातात उचलून धरीत आणि माल जोखीत. उचललेला हात थोडासा कापत असे. तरीही वजनात फरक पडत नसे. याचे कारण असे की तराजूची दांडी मधोमध एकाच बिंदूवर टांगलेली असते. हाताचा कंप दोन्ही पारड्यांना सारखाच पोहोचतो, आणि काटा क्षणभर हलून पुन्हा मध्यावर येतो. यंत्राची रचनाच अशी असते, की हाताचा दोष मापात उतरू नये.

हमालाच्या डोक्यावरील चुंबळीचे कार्य निराळे. कापडाची ही वेटोळी ओझे आणि मस्तक यांच्यामध्ये बसते, भार पसरून देते आणि ओझ्याला घसरू देत नाही. ती ओझे उचलीत मात्र नाही. ओझे हमालाची मानच उचलते. चुंबळ ही अंगावर ल्यावयाची आणि भार स्थिर करणारी, कदाचित सर्वांत जुनी जोडवस्तू म्हणता येईल.

पिस्तूल हे असे शस्त्र आहे की ज्याला तराजूसारखे दुसरे पारडे नाही. हात कापला की नळी कापते, आणि नळी कापली की गोळी भरकटते. म्हणून पिस्तुलासाठी एखादी चुंबळ बनविता येईल काय, म्हणजे मनगटावर, दंडावर किंवा खांद्यावर बांधावयाचे असे काही साधन, की जे नेम धरतेवेळी हात स्थिर ठेवील, हा प्रश्न शस्त्रे घडविणाऱ्यांना फार दिवसांपासून पडलेला आहे. अशी साधने निघालीही आहेत. परंतु ती निघताच दुसरा आणि अधिक बिकट प्रश्न उभा राहिला: हा आधार कोठवर आधार असतो, आणि कोणत्या ठिकाणी तो शस्त्राचे स्वरूपच पालटून टाकतो? खेळाच्या मैदानापासून न्यायालयापर्यंत हा प्रश्न गेला आहे, आणि त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

प्रथम हात का कापतो, ते पाहू. यासाठी शस्त्राची गरज नाही. पाण्याने भरलेला एक तांब्या उजव्या हातात घ्यावा, हात खांद्याच्या रेषेत समोर ताठ करावा आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहावे. पाणी कधीच पूर्णपणे शांत राहात नाही. निरोगी माणसाच्याही हाताला सेकंदाला सुमारे ८ ते १२ वेळा असा सूक्ष्म कंप असतो. त्याला शरीरशास्त्रात स्वाभाविक कंप म्हणतात. तो रोग नव्हे. त्यात श्वासाबरोबर छातीचे वरखाली होणे मिळते, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा हलका धक्का मिळतो, आणि उभ्या देहाचा मागेपुढे होणारा मंद झोलही मिळतो. अर्धा मिनिट गेला की स्नायू थकतात आणि तांब्यातील लाटा मोठ्या होतात. त्यातच कोणी समोर उभे राहून पाहू लागले, तर संकोचाने त्या आणखी वाढतात. कारण भीती आणि उत्तेजना यांनी हा कंप वाढतो.

आता हा कंप निशाणावर कसा उमटतो, याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. कारण सर्व आधारांचे मर्म त्यातच आहे. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी माशी असते आणि मागच्या बाजूस खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसली म्हणजे नेम जुळला. हाताची चूक दोन प्रकारची असू शकते. सबंध हात, मनगट न वळता, ५ मिलिमीटर उजवीकडे सरकला, तर गोळीही निशाणावर ५ मिलिमीटरच उजवीकडे लागेल. ही चूक अंतराबरोबर वाढत नाही. परंतु मनगट किंचित वळले आणि माशी खाचेच्या मध्यावरून अर्धा मिलिमीटर सरकली, तर गोष्ट अगदी वेगळी होते. माशी आणि खाच यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर धरले, तर १० मीटरवर ही चूक सुमारे १७ मिलिमीटर होते आणि २५ मीटरवर सुमारे ४२ मिलिमीटर. दहा मीटरच्या हवाई पिस्तूल स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरने गोळी दहाच्या वर्तुळातून निघून आठच्या वर्तुळात जाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नेमबाजाचा खरा शत्रू हाताचे हलणे हा नसून मनगटाचे वळणे हा आहे. म्हणून पिस्तूल स्थिर करू पाहणारे प्रत्येक साधन शेवटी मनगटाकडेच वळते. मनगटाचा सांधा जखडून टाकला, की पिस्तूल आणि कोपरापर्यंतचा हात यांची एकच दांडी होते, आणि कोनाची चूक पुष्कळ कमी होते. त्याही पुढे जाऊन शस्त्राचे मागील टोक खांद्याला टेकविले, तर हात, खांदा आणि गाल असे तीन आधार मिळतात, आणि पिस्तूल जवळजवळ बंदुकीइतके स्थिर होते. मनगटापासून खांद्यापर्यंतच्या या छोट्याशा प्रवासातच पुढील सर्व वाद भरलेला आहे.

नेमासाठी अंगावर काही ल्यावे, ही कल्पना काही बंदुकीबरोबर आली नाही. बेगम बाजारातून मुसा ओलांडून दक्षिण काठी गेले, की सालारजंग संग्रहालय लागते. १९५१ साली ते दिवाण देवडीत सर्वांसाठी उघडले आणि १९६८ साली आजच्या इमारतीत आले. तेथील हिरव्या यशब दगडाच्या वस्तूंमध्ये तिरंदाजाच्या अंगठ्यात घालावयाचे एक कडे आहे. त्यावर ‘साहिब-ए-किरान-ए-सानी’ ही शहाजहान बादशहाची पदवी कोरलेली आहे. अशा कड्याच्या ओठात धनुष्याची दोरी अडकवीत आणि तेथूनच ती सोडीत. त्यामुळे अंगठ्याची कातडी सोलत नसे आणि दोरी झटक्याशिवाय सुटे. हे कडे धनुष्य ताणीत नाही आणि बाणाला दिशाही देत नाही. ते केवळ शेवटचा क्षण निर्मळ करते. चुंबळीच्याच जातीची ही वस्तू आहे.

बंदुका आल्या तेव्हा त्या जड होत्या, आणि त्यांना आधार लागे तो भिंतीचा, तटाचा किंवा काटकीचा. बेगम बाजाराचे नाव अशा एका प्रसंगाशी जोडले गेले आहे. १७ जुलै १८५७ रोजी बेगम बाजारचा तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिले आणि शहरातील लोक यांनी कोठी येथील ब्रिटिश रेसिडेन्सीवर चाल केली. रेसिडेन्सीसमोरची सावकारांची दुमजली घरे त्यांनी ताब्यात घेतली आणि तेथून रात्रभर गोळीबार केला. पहाटेपर्यंत रेसिडेन्सीच्या तोफांपुढे तो टिकाव धरू शकला नाही. मौलवींना पुढे अंदमानात पाठविण्यात आले. तुर्रेबाझ खान पकडला गेला, शिक्षा झाल्यावर कैदेतून निसटला आणि १८५९ च्या जानेवारीत मारला गेला. घराची भिंत किंवा खिडकीची चौकट बंदूकवाल्याला जो आधार देते, तो तो मनुष्य जागेवर आहे तोपर्यंतच. घोडेस्वाराला, रस्त्यावरील शिपायाला किंवा धावणाऱ्याला भिंत नसते. त्याला स्वतःच्या अंगावरचाच आधार हवा असतो.

या गरजेतून दोन वस्तू निघाल्या. घोडदळातील सैनिकाच्या पिस्तुलाच्या मुठीला एक दोरी बांधीत आणि ती गळ्यात किंवा खांद्यावरून घेत. तिचा मूळ हेतू पिस्तूल हातून पडले तरी हरवू नये, एवढाच होता. परंतु अशी दोरी किंवा पट्टा योग्य लांबीचा असेल आणि हात पुढे लोटून तो ताठ केला, तर हात व खांदा यांमध्ये ताण उत्पन्न होतो आणि या ताणाने कंप कमी होतो. दुसरी वस्तू १८९६ च्या मॉसर पिस्तुलाबरोबर आली. या जर्मन पिस्तुलाचे लाकडी म्यान कमरेला लटकविता येई, आणि तेच म्यान मुठीला जोडले, की खांद्याला टेकविण्याचा दस्ता तयार होई. कमरेवर ती वाहण्याची पेटी होती आणि खांद्यावर ती बंदुकीचा कुंदा होती. एकाच वस्तूला दोन नावे देता येतात आणि तिचे नाव तिच्या वापरावरून ठरते, हा पुढल्या काळातील वादाचा बीजमंत्र या म्यानातच होता.

खेळाच्या जगाने या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्टपणे दिले आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे आणि एकाच हाताने चालवावयाचे. पिस्तूल धरणाऱ्या हातावर कडे, घड्याळ, मनगटपट्टा किंवा तत्सम काहीही घालता येत नाही. मूठ लाकडाची असो वा अन्य कशाची, तिने हाताला वेढा घालता कामा नये आणि मनगटाला आधार देता कामा नये; मनगट मोकळे दिसले पाहिजे. हवाई पिस्तुलाचे वजन दीड किलोपेक्षा अधिक असू नये आणि ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. घोट्याला आधार देणारे उंच बूटही चालत नाहीत. दृष्टीची मदत करण्यासाठी चष्मा आणि न लागणाऱ्या डोळ्यापुढे छोटी पट्टी मात्र चालते. सारांश, पाहण्याला मदत आहे, तोलण्याला नाही.

रायफलच्या स्पर्धेत नियम उलट आहेत, आणि महाराष्ट्राला तर दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. पालथे पडून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना दंडाला बांधलेला पट्टा रायफलला ओढून धरतो. तो नियमानुसार आहे, आणि त्याची रुंदी ४० मिलिमीटरपर्यंत ठरलेली आहे. जाड कोट आणि हातमोजाही चालतो. परंतु उभ्याने नेम धरताना हाच पट्टा वापरता येत नाही. कोटाची जाडी आणि ताठरपणा यंत्राने मोजला जातो. पट्ट्याला मनाई नाही. पट्टा कोठे आणि किती, हे ठरविलेले आहे.

पिस्तुलाच्या बाजूला कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांचे उदाहरण आहे. २०१३ साली चांगवॉन येथील विश्वचषकात त्यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. विश्वचषकात पिस्तूल प्रकारातील सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पुढे कोपराच्या दुखापतीने त्यांना दीर्घकाळ त्रास दिला. ज्या खेळात मनगटाला पट्टा बांधण्याची मुभा नाही, त्यात कोपर दुखावणे म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेत पालेंबांग येथे अंतिम फेरीत गुण बरोबरीत आले, जादा फैरींवर निकाल लागला, आणि त्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. याच प्रकाराच्या जलद टप्प्यात निशाण केवळ तीन सेकंद समोर असते आणि मग सात सेकंद नसते. तीन सेकंदांत हात खालून वर आणावयाचा, थांबवावयाचा आणि चाप दाबावयाचा. आणि त्या चापाला किमान एक किलोचा दाब लागतो. आधार आहे तो केवळ सरावाचा.

हैदराबादनेही असा नेम दिला आहे. तेथील ईशा सिंग हिने २०१८ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, १० मीटर हवाई पिस्तूल प्रकारात राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. २०२३ साली हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिने एक सुवर्ण आणि तीन रौप्य अशी चार पदके मिळविली. बेगम बाजारच्या शहरात वाढलेल्या या मुलीच्या हातावरही मनगटपट्टा नव्हता, कारण तो कोणाच्याच हातावर असू शकत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसुफ डिकेच एक हात खिशात ठेवून, साधा चष्मा लावून उभे राहिले आणि मिश्र सांघिक रौप्यपदक घेऊन गेले. त्यांचे छायाचित्र जगभर गाजले. पण त्याच प्रकारात कांस्यपदक मिळविणाऱ्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांच्याही मनगटाला तितकीच मोकळीक होती.

कंप थांबविण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो अंगावर दिसत नाही. हृदयाची गती आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याची रौप्य आणि कांस्य अशी दोन पदके अशाच औषधामुळे काढून घेण्यात आली. पट्टा बाहेरून बांधा की गोळीच्या रूपाने आतून घ्या, नियमाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत. स्पर्धा ज्या गुणाची घ्यावयाची, तोच गुण दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही.

मग ज्याच्या हातात मुळातच बळ नाही, त्याने काय करावे? हंगेरीचे कारोय टाकाच हे सैनिक होते. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात जायबंदी झाला. त्यांनी डावा हात तयार केला, आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जलद पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके मिळविली. भारताचे मनीष नरवाल यांचा उजवा हात जन्मापासून दुर्बल आहे. त्यांनी डाव्या हाताने नेम धरून २०२१ साली टोकियो पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकचा नियम येथे फार विचारपूर्वक केलेला आहे. शस्त्राचे वजन जो स्वतः पेलू शकतो, त्याचा एक वर्ग. जो पेलू शकत नाही, त्याचा दुसरा वर्ग, आणि त्या दुसऱ्या वर्गात रायफलसाठी आधारस्तंभ दिला जातो. आधार नाकारलेला नाही. ज्याला आधार आहे त्याची स्पर्धा, ज्याला आधार आहे अशाच दुसऱ्याशी लावलेली आहे. न्यायाची ही तऱ्हा तराजूचीच आहे: दोन्ही पारड्यांत सारखेच काही घालावयाचे.

मैदानाबाहेर मात्र तराजू इतका सरळ राहिला नाही. अमेरिकेत २०१२ साली एका निवृत्त सैनिकाने आपल्या अपंग मित्रासाठी एक साधन तयार केले. लांब नळीच्या जड पिस्तुलाच्या मागील टोकाला रबराचा दुभंगलेला आधार जोडावयाचा आणि तो पट्ट्याने कोपराच्या पुढील हातावर आवळावयाचा, अशी त्याची रचना होती. एका हाताने जड शस्त्र पेलता यावे आणि मनगटावर ताण येऊ नये, हा हेतू प्रामाणिक होता. शस्त्रांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय खात्याने त्याच वर्षी कळविले, की या पट्ट्यामुळे पिस्तूल हे पिस्तूलच राहते.

या निर्वाळ्याला मोठे महत्त्व होते. तेथील १९३४ च्या कायद्याच्या चौकटीत १६ इंचांहून आखूड नळीची रायफल ही विशेष नोंदणीची वस्तू आहे. मूळ कायद्यात तिच्यावर २०० डॉलरचा करही होता. आखूड शस्त्र लपविता येते आणि खांद्यावरील शस्त्र अचूक असते. दोन्ही गुण एकत्र आले, की धोका वाढतो, हे त्यामागील तत्त्व होय. आता या आधारपट्ट्याचे मागील टोक हातावर न बांधता सरळ खांद्याला टेकविले तर? पिस्तूल आखूड राहिले आणि दस्ताही मिळाला. पूर्वी मॉसरच्या म्यानाने जे केले, तेच रबरी पट्ट्याने केले. खात्याने २०१५ साली सांगितले, की खांद्याला टेकविणे म्हणजे शस्त्राची नवी रचना करणे होय. २०१७ साली याच मताला त्याने बरीच मुरड घातली. मधल्या काळात अशा पट्ट्यांचा खप फार वाढला, आणि त्यांतील अनेक पट्टे ज्यांच्या हाताला काहीच झालेले नव्हते, अशांनी घेतले.

पुढचे वर्तमान दुःखद आहे. २०१९ साली डेटन येथे नऊ आणि २०२१ साली बोल्डर येथे दहा माणसे अशाच आधारपट्टा लावलेल्या शस्त्रांनी मारली गेली. २०२३ च्या जानेवारीत खात्याने नवा नियम केला आणि बहुतेक पट्टे असलेली शस्त्रे आखूड रायफल ठरविली. शस्त्रधारकांनी न्यायालयाचे दार ठोठावले, आणि जून २०२४ मध्ये टेक्ससच्या केंद्रीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे असे, की खात्याने पूर्वीची भूमिका सोडताना पुरेसे कारण दिले नाही आणि कार्यपद्धतीही पाळली नाही. बारा वर्षांत एकाच वस्तूला पिस्तुलाचा पट्टा, रायफलचा दस्ता आणि पुन्हा पट्टा अशी नावे मिळाली. वस्तू तीच होती. नाव मात्र वापरणाऱ्याचा हेतू कोणी कसा वाचला, त्यावर ठरले.

भारतात ही गोष्ट वेगळ्या रीतीने पाहिली जाते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक किंवा पिस्तूल बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. याच अधिनियमाच्या सहाव्या कलमाने परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करण्यास मनाई केली आहे. आखूडपणा हाच लपविण्याचा गुण आहे, हे येथेही ओळखलेले आहे. अमेरिकेतील वादाने त्याला एक धडा जोडला. केवळ नळी मोजून भागत नाही; नळीच्या मागे काय जोडले आहे आणि ते शरीरावर कोठे टेकते, हेही पाहिले पाहिजे.

अशा साधनाचे मोल करताना तीन प्रश्न विचारावेत, असे यावरून दिसते. पहिला प्रश्न असा: हे साधन दुबळेपणा भरून काढते, की नव्या सामर्थ्याची भर घालते? अपंगाच्या हातावरील पट्टा पहिल्या प्रकारचा आहे. धडधाकट माणसाच्या खांद्याला टेकलेला तोच पट्टा दुसऱ्या प्रकारचा आहे. दुसरा प्रश्न असा: ज्या गुणाची कसोटी आहे, तोच गुण हे साधन परस्पर करून टाकते काय? पिस्तुलाच्या स्पर्धेत मनगटपट्टा हे करतो, म्हणून तो वर्ज्य. रायफलच्या पालथ्या प्रकारात पट्टा सर्वांनाच मोजून दिलेला आहे, म्हणून तो योग्य. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: वस्तूच्या विकलेल्या नावाप्रमाणेच तिचा वापर होतो काय? नाव आणि वापर यांमध्ये अंतर पडले, की कायदा कितीही नेटका असो, तो त्या अंतरातून निसटतो.

हाताचा कंप हा काही लाजेचा विषय नव्हे. तो जिवंत स्नायूंचा स्वभाव आहे, आणि कोणताही पट्टा तो नाहीसा करीत नाही. केवळ एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर ढकलतो. जगातील उत्तम नेमबाजही कंप थांबवीत नाहीत. ते त्याची मर्यादा ओळखतात, त्या मर्यादेत माशी आणि खाच जुळवून ठेवतात आणि त्या जुळणीला धक्का न लावता चाप हळूहळू दाबतात. हे शिक्षण वर्षानुवर्षांचे आहे आणि त्याला वेळ लागतो, हाच त्याचा एक गुण आहे. कारण नेम शिकणारा मनुष्य त्याबरोबर संयमही शिकतो. विकत घेतलेला पट्टा नेम देऊ शकेल, पण संयम देऊ शकणार नाही. ज्याला गरज आहे त्याच्या हाती आधार जरूर द्यावा; परंतु शस्त्र स्थिर करणाऱ्या प्रत्येक साधनाबरोबर ते कोणाच्या हाती आणि कशासाठी आहे, याची चौकशीही समाजाने तितक्याच स्थिरपणे केली पाहिजे.